देवाला काच चालत नाही

मंडळी, ऐका. मागच्या बायकांनो, तुमची कुजबुज आधी संपवा, मी थांबते. आज घाई नाही.

संपली? बरं.

एक प्रश्न विचारते. उत्तर लगेच देऊ नका, खोटं द्याल. समजा, वाटेत खड्डा आहे. कुणीतरी सांगितलं, "जपून हं, पुढे खड्डा आहे." आपण ऐकलं नाही. पडलो, पाय मुरगळला. आता सांगा, राग कुणाचा येतो? खड्ड्याचा? खड्ड्याला काय बोलणार. स्वतःचा? छे, ती विद्या आपल्याकडे नाहीच. राग येतो सांगणाऱ्याचा. ज्यानं वाचवायचं पाहिलं, नेमका त्याचाच. असं का होतं? आणि ते झाल्यावर, ज्याच्यावर तो राग निघतो ना, त्याच्या आत काय होतं?

पोथ्यांत असेल उत्तर. मी चौथीपर्यंत शिकले, पोथी मला लावून लावून वाचावी लागते. पण माणूस मला लगेच वाचता येतो. म्हणून आज पुराणातला राक्षस नको, राजा नको. आज स्वयंपाकघरातलं आख्यान. नानू, तबला जरा हळू, इथं अजून युद्ध लागलेलं नाही. लागेल.

देवरुखाच्या पलीकडे तळेकोंड म्हणून एक गाव. तिथं नाटेकरांचं घर, आणि त्या घरात सत्यभामाबाई. सगळा गाव भामाकाकू म्हणायचा. यजमान जाऊन बारा वर्षं झालेली, मुलगा रत्नागिरीला नोकरीत, शनिवारी रात्री यायचा, सोमवारी पहाटे जायचा. घरात दोघीच. भामाकाकू आणि सून हेमांगी.

भामाकाकू कशा? उंच, ताठ, बोलणं विळीसारखं. लाकडाला लावा, भोपळ्याला लावा, चिरणारच. गावातल्या लग्नात आचारी आधी त्यांना बघायचा आणि मग पातेल्यात डाव घालायचा. आणि त्यांचा एक मान होता. तिथल्या लक्ष्मीनारायणाला दसऱ्याच्या दुपारी नव्या तांदळाचा पहिला नैवेद्य जातो, तो नाटेकरांच्या घरचा. काय नैवेद्य? तर धोंडस.

शहरातल्या मंडळींसाठी सांगते. मोठं जून तवसं घ्यायचं, म्हणजे आपली मोठी काकडी, ती किसायची. नव्या तांदळाच्या कण्या तुपावर परतायच्या. गूळ, ओला नारळ, वेलची घालून सगळं जाड बुडाच्या पितळी टोपात ओतायचं. खाली मंद चूल, आणि झाकणावर करवंटीचे निखारे. खालूनही विस्तव, वरूनही विस्तव, मध्ये धोंडस. दोन तास हलायचं नाही. झालं की सगळ्या आळीला कळतं, वासच तसा.

अडतीस वर्षं तो टोप भामाकाकूंनी देवळात नेला. एकदाही करपला नाही, एकदाही कच्चा राहिला नाही. त्या चव घेत नसत, हे ध्यानात ठेवा. नैवेद्याची चव देवाच्या आधी घ्यायची नाही, उष्टं होतं. मीठ विसरलं असेल तर ते आधी देवाला कळणार, मग आपल्याला. कान आणि नाक, एवढ्यावर त्यांचं काम चाले. झाकणावर चिमटा वाजवायच्या, आवाजावरून ओळखायच्या.

पण अडतीस वर्षांत धोंडस शिजतं, तसे गुडघेही शिजतात. डॉक्टरनं सांगितलं, आता चुलीपाशी उकिडवं बसायचं नाही. बसलात तर उठवायला चार माणसं लागतील. भामाकाकू म्हणाल्या, "चार लागतील तेव्हा बघू. ती तशीही एकदा यायचीच आहेत." पण त्या वर्षी श्रावणात खरंच बसल्या आणि उठता येईना. सुनेनं काखेत हात घालून उठवलं. तेव्हा डोळ्यांत पाणी आलं, ते दुखण्याचं नव्हतं.

मुलगा काय करणार? मुलगे काय करतात? वस्तू आणतात. आईजवळ बसायला वेळ नाही ना, मग वस्तू. शनिवारी गाडीत घालून एक मोठी पेटी घेऊन आला. कॉम्बिनेशन मायक्रोवेव्ह ओव्हन. "आई," म्हणाला, "हे तुझ्या चुलीसारखंच आहे. वरून लाल सळई तापते, ते तुझे निखारे. आणि आतून वेगळा विस्तव, तो दिसत नाही. दोन्ही एकदम चालतात. उभ्यानं काम."

भामाकाकू पेटीभोवती एक प्रदक्षिणा घालून म्हणाल्या, "न दिसणारा विस्तव? बरा आहे. तुझ्यासारखाच, शनिवारपुरता."

हसू नका, तुमच्याही घरी एक असेल.

पेटीबरोबर पुस्तक आलं होतं. ते वाचलं हेमांगीनं. आता ही हेमांगी कोण? चिपळूणची. तिची आई खानावळ चालवायची. रोज साठ माणसांचं जेवण त्या बाईनं वीस वर्षं रांधलं, आणि लेकीच्या लग्नानंतर आठ महिन्यांत गेली. हेमांगी आईच्या हाताखाली वाढलेली, पण इथं, नाटेकरांच्या घरी, तिच्या हाती काय? कांदा चिरणं, भांडी विसळणं, पानं मांडणं. फोडणी भामाकाकूंची. तीन वर्षं झाली लग्नाला, फोडणी अजून भामाकाकूंचीच.

तर पेटी आली तशी हेमांगीच्या हाती पहिल्यांदा काहीतरी आलं. ती रोज दुपारी शिकायला बसली. पहिल्यांदा धोंडस केलं ते कडेला दगड आणि मध्ये पेज. दुसऱ्यांदा वरून काळं, आत ओलं. भामाकाकू पलंगावरून सांगायच्या, "कुत्र्याला घाल. नको, कुत्रं आपल्याच दारचं आहे."

पण पोर चिकाटीची. ती वहीत लिहून ठेवायची. खोल भांडं नको, पसरट हवं. भांडं काचेचंच हवं, त्या पेटीसाठी असते तसल्या जाड काचेचं. जाड थर नको, दोन बोटं पुरे. मध्ये उशिरा शिजतं, म्हणून मधोमध एक वाटी पालथी ठेवायची आणि धोंडस तिच्याभोवती कड्यासारखं घालायचं. अर्ध्या वेळात थांबवून भांडं फिरवायचं. वेळ झाली की लगेच काढायचं नाही, झाकून दहा मिनिटं ठेवायचं, कारण कडेची ऊब तेव्हा आत जाते. मग विणायची सुई मध्ये खुपसायची. कोरडी निघाली तर झालं. आणि संध्याकाळी करायचंच नाही, कारण सगळ्या गावचे पंप चालू असतात, वीज बारीक येते, वीस मिनिटांचं काम चाळीस मिनिटांत होत नाही.

पाचव्यांदा झालं. सोनेरी, मऊ, मधोमधही शिजलेलं. बशी भामाकाकूंपुढे आली. खाल्लं. मग बशी पुढे केली, पुन्हा वाढ म्हणून. पण तोंडातून "चांगलं झालंय" निघेना. दोन शब्द हो. त्याला काही तूप लागत नाही, काही गूळ लागत नाही. बशी दोनदा पुढे झाली, आणि शब्द एकदाही नाही. हेमांगी मात्र बशीवरच खूश. तिला वाटलं, आता दसऱ्याला आई मला हात लावू देतील.

आला दसरा. सकाळी आंघोळी झाल्या, सोवळं झालं, तवसं किसून झालं. हेमांगीनं कपाटातून काचेचं भांडं काढलं. नवं, खोक्यातलं, त्यात घरच्या माणसानंही कधी खाल्लेलं नाही.

भामाकाकूंनी बघितलं. "हे कशाला?"

"आई, पेटीत हेच लागतं ना."

"देवाला काच चालत नाही. काच, चिनी माती सोवळ्यात येत नाही. तुझ्या खानावळीत येत असेल." त्यांनी कपाटातून पितळी टोप काढला. त्याला गेल्याच आठवड्यात कल्हई केलेली, आरशासारखा. "देवाचा नैवेद्य देवाच्या टोपात."

"पण आई, पितळेतून आत जात नाही तो विस्तव. पुस्तकात लिहिलंय. अडतो म्हणे धातूला. ठिणग्याही उडतात."

"चुलीचा जातो. अडतीस वर्षं गेला."

"चुलीचा वेगळा, आई."

"तू मला विस्तव शिकवतेस?"

ही सांगण्याची पहिली वेळ. ती गप्प बसली असती तर निभलं असतं. पण खानावळीतल्या बाईची लेक, साठ माणसं उपाशी राहू नयेत ही काळजी रक्तात. थोड्या वेळानं दुसऱ्यांदा सांगायला आली. म्हणाली, "मग पेटी नकोच. आपण चुलीवरच करू. मी बसते चुलीपाशी, तुम्ही खुर्चीवर बसून सांगा. निखारे किती, कधी काढायचे, सगळं तुम्ही सांगा. हात माझा, धोंडस तुमचं."

मंडळी, इथं थांबा. हा खरा प्रश्न इथं आहे. टोप पितळेचा की काचेचा, हे सोडा. ही तर सगळ्यात चांगली वाट होती ना? देवाचा टोप राहिला असता, चूल राहिली असती, सोवळं राहिलं असतं, गुडघेही वाचले असते. भामाकाकू का नाही म्हणाल्या?

कारण मग देवळात कुणीतरी विचारलं असतं, "आज धोंडस कुणी केलं?" आणि उत्तर द्यावं लागलं असतं. बटण दाबलं तर दाबणारा हात आपलाच. चुलीपाशी सून बसली की गेला मान. अडतीस वर्षांचा मान सुनेच्या हाती जाण्यापेक्षा पेटीच्या हाती गेलेला बरा. पेटी माहेरी जाऊन सांगत नाही.

म्हणाल्या, "माझे हात अजून गळून पडलेले नाहीत." आणि टोप पेटीत ठेवला. झाकण काढून, वरून लाली यायला हवी म्हणून. बटण दाबलं. टोप गर्‌गर्‌ फिरायला लागला. आत एकदा चट्‌कन ठिणगी उडाली. हेमांगी पुढे झाली. भामाकाकू म्हणाल्या, "निखारा उडतोच."

अर्धा वेळ झाला. "आई, थांबवून बघूया का, सुई घालून?"

"देवाच्या आधी सुई जेवणार?"

ही तिसरी वेळ. यानंतर ती बोलली नाही.

पेटी वाजली. टोप बाहेर आला, वरून असा सुंदर लाल, की फोटो काढावा. वासही आला. भामाकाकूंनी चिमटा घेऊन कडेला वाजवला. पण झाकण नव्हतं ना वर, आणि आवाज टोपाचा आला, धोंडसाचा नाही. हेमांगीनं तोंड उघडलं होतं, दहा मिनिटं राहू दे म्हणून सांगायला. मिटलं.

इथं एक ओवी म्हणते. संतांची नव्हे, माझीच आहे. नानू, धर ठेका.

वरी आली लाली । आत कच्चे सारे ।
बोले त्यासी मारे । तोचि अंध ॥

पुरे. देवळात चला.

लक्ष्मीनारायणासमोर पान मांडलं, टोप ठेवला, पाणी फिरवलं, घंटा झाली. देवानं काय चाखलं ते देवाला ठाऊक, तो कधी तक्रार करत नाही, म्हणून तर आपण त्याला काहीही खाऊ घालतो. मग दाजी पुजाऱ्यानं प्रसाद वाटायला सुरी घातली. वरची दोन बोटं कापली गेली. त्याखाली सुरी बुडाली. बाहेर काढली तर पात्यावरून पांढरं, गुळाचं पाणी टपटप केळीच्या पानावर. कण्या कच्च्या, दाताखाली कडकड वाजतील अशा.

सगळा गाव बसलेला. दाजीनं मान वर केली. "काकू, हे काय झालं?"

पलीकडे पाध्यांची मालती बसली होती. ती म्हणाली, "राहू दे हो दाजी. वयपरत्वे होतं."

वयपरत्वे. बघा, सुरीपेक्षा हा शब्द खोल गेला. भामाकाकूंच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. अडतीस वर्षं त्या एका शब्दात संपणार होती. आणि त्या क्षणी बाईसमोर दोनच वाटा होत्या. एक, "होय, माझं चुकलं, पोर सांगत होती." दुसरी, तुम्हाला ठाऊक आहे. तुम्ही गेला आहात त्या वाटेनं. मीही गेले आहे.

म्हणाल्या, मोठ्यानं, सभामंडपभर ऐकू जाईल असं, "मी कुठं केलंय ते? सुनेनं केलंय. खानावळीत वाढलेली, तिच्या आईनं पैसे घेऊन लोकांना अर्धं कच्चं घातलं, ही देवाला घालते."

मेलेली आई, मंडळी. साठ माणसांना वीस वर्षं गरम जेवण घालून गेलेली. तिला उठवून आणली, देवासमोर उभी केली, आणि तिच्या तोंडावर ते कच्चं पीठ फासलं.

सगळे हेमांगीकडे बघायला लागले. भामाकाकूही बघत होत्या. त्यांना वाटलं, आता ही रडेल, नाहीतर उसळेल. उसळली तर बरंच, सगळ्यांना दिसेल कशी उद्धट आहे ती.

हेमांगी उठली. टोप उचलला. म्हणाली, "हो. माझं चुकलं." एवढंच. आणि टोप घासायला विहिरीवर गेली.

दाजी म्हणाला, "मान नाटेकरांचाच आहे. पुढच्या दसऱ्याला नीट आणा. पुन्हा असं झालं तर पाध्यांनी तयारी ठेवलेली आहे." झालं. एक वर्षाची मुदत मिळाली.

मुलगा शनिवारी आला, आईनं सांगितलं पेटीच खोटी आहे. त्यानं रत्नागिरीहून मिस्त्री बोलावला. दुरुस्तीवाला. तो आला, मधल्या वयाचा, चष्मा कपाळावर. त्यानं पेटीला कान लावला नाही, ठोकलं नाही. म्हणाला, "वैनी, एक भांडं पाणी द्या, काचेचं." हेमांगीनं दिलं. आत ठेवलं, दोन मिनिटं चालवलं, बाहेर काढलं, बोट बुडवलं आणि झटकन काढलं. "मशीन तर ठणठणीत आहे. तुम्ही कशात ठेवलं होतंत?"

मिस्त्रीची नजर फळीवरच्या टोपाकडे गेली. "ह्यात? अहो आजी, पितळेतून हे आत कसं जाईल? वरून उघडं होतं तेवढ्यातून गेलं, वरचं शिजलं. खाली काहीच पोचलं नाही. आणि ठिणग्या उडाल्या असतील. नशीब, मशीन गेलं नाही. घरात कुणी पुस्तक वाचलं नाही का?"

आता येणार, असं भामाकाकूंना वाटलं. "मी सांगितलं होतं ना, आई." एवढं वाक्य. ते आलं असतं तर काय झालं असतं? भांडण झालं असतं. भांडी आपटली असती, तीन दिवस अबोला, चौथ्या दिवशी चहा. घर असंच चालतं. त्या वाक्यासाठी भामाकाकूंनी उत्तर तयार ठेवलं होतं, अगदी धार लावून.

हेमांगी म्हणाली, "चहा घेता ना, भाऊ?"

आणि ते वाक्य कधीच आलं नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही, दिवाळीत नाही. त्या दिवसापासून हेमांगीचं एकच वाक्य उरलं, "तुम्ही म्हणाल तसं."

बायकांनो, तुम्हाला वाटतं, वा, काय सून मिळाली. मागे दोघी सासवा मान डोलावताहेत, दिसतंय मला. थांबा जरा.

आमटीत भामाकाकूंनी मीठ दोनदा घातलं. सून शेजारी उभी होती. दोघी जेवल्या, पाणी पीत पीत. "तुला दिसलं नाही का गं?" "दिसलं." "मग?" "तुम्ही घालत होतात, आई."

संक्रांतीला तिळगूळ द्यायला भामाकाकू पातळ उलट्या बाजूनं नेसून गेल्या. काठाचे दोरे वर लोंबत. अख्ख्या आळीतून गेल्या, चार घरी तिळगूळ देऊन आल्या. मालतीनं हसून सांगितलं तेव्हा कळलं. घरी येऊन विचारलं, "निघताना दारात होतीस ना तू?"

"होते."

"मग बोलायला काय झालं?"

"तुम्ही नेसला होतात, म्हटलं तसंच हवं असेल."

स्वर गोड. चेहरा शांत. डोळ्यांत राग शोधायला गेल्या तर रागही नव्हता. तो असता तर भामाकाकूंना बरं वाटलं असतं. राग म्हणजे अजून काहीतरी मागणं आहे. हिचं मागणंच संपलं होतं. पान वेळेवर, औषध वेळेवर, गुडघ्याला तेल रोज. पायरी आली की हात पुढे. पण "आई, नका" हे दोन शब्द त्या घरातून गेले. भामाकाकूंना हळूहळू भीती वाटायला लागली. घरात माणूस आहे, आणि आपण एकट्या आहोत. रस्त्यातला खड्डा आता आपला आपणच बघायचा.

माफी मागायची होती की, तुम्ही म्हणाल. हो, मागायची होती. कितीदा ओठांवर आली. एकदा तर तेल लावताना हेमांगीच्या डोक्यावर हात ठेवला, म्हणाल्या, "अगो हेमा…" तिनं वर बघितलं. भामाकाकू म्हणाल्या, "डाव्या गुडघ्याला जरा जास्त." शब्द कच्चाच राहिला आत.

पुन्हा दसरा आला. तीच मुदत. आज नीट गेलं तर मान राहिला, नाहीतर पाध्यांकडे. आणि आता भामाकाकूंना सगळं ठाऊक होतं. काच लागते, पसरट लागते, वाटी पालथी लागते, दहा मिनिटं लागतात. दाजीकडेही चौकशी करून आल्या होत्या. तो म्हणाला होता, "नवं भांडं धुऊन पुसून घ्या काकू, देव भांडं बघत नाही." म्हणजे देवाचीही परवानगी होती. दोनच शब्द म्हणायचे होते, "काच काढ."

तवसं किसून झालं. भामाकाकू उठल्या, आणि त्यांनी फळीवरचा पितळी टोप काढून ओट्यावर ठेवला.

मुद्दाम.

का? अहो, ती आता म्हणेल म्हणून. "आई, टोप नको" असं म्हणेल. तिनं म्हणावं म्हणून. ती म्हणाली की आपण म्हणायचं, "बरं बाई, तुझंच खरं." माफीही मागून होईल आणि मान खाली घालावी लागणार नाही. म्हातारीनं वर्षभर विचार करून काढलेली ही युक्ती. माफी मागायची, पण तिच्या तोंडून.

हेमांगीनं टोपाकडे बघितलं. मग मिश्रण त्यात ओतायला घेतलं.

भामाकाकूंनी तिचा हात धरला. "यातच?"

"तुम्ही काढलात ना."

"तुला काय वाटतं?"

तीन वर्षं, चार वर्षं, जन्मात पहिल्यांदा विचारलं. तुला काय वाटतं. हेमांगी थबकली. ओल्या हातानं टोपाची कड धरून उभी राहिली. मग हेमांगी म्हणाली, "मला काय वाटणार, आई. तुम्ही म्हणाल तसं."

भामाकाकूंनी हात सोडला. आता तरी बोलायचं ना? टोप अजून ओट्यावरच होता. बोलल्या नाहीत. हेमांगीनं टोप पेटीत ठेवला, दार लावलं, बटण दाबलं. आत उजेड लागला. टोप फिरायला लागला. दोघी जणी उभ्या राहून बघत होत्या. अर्धा वेळ गेला, कुणी थांबवलं नाही. ठिणगी उडाली, कुणी पुढे झालं नाही.

पेटी वाजली. वरून सुंदर लाली.

देवळात पहिली घंटा झाली. नैवेद्याची वेळ. हेमांगीनं पान पुसून पुढे केलं, "करू तयारी?"

भामाकाकू खुर्चीवर बसल्या. चमचा घेतला. आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा, देवाच्या आधी, नैवेद्यात चमचा घातला. वरची लाली फोडली, खाली गेला. काढला, ओला, पांढरा. तोंडात घातला. कण्या दातांखाली कडकड वाजल्या, हेमांगीला ऐकू जाईल इतक्या. चावत राहिल्या. सुनेच्या तोंडाकडे बघत चावत राहिल्या. म्हण गं. आता तरी म्हण. कच्चं आहे, टाका ते, म्हण.

हेमांगी म्हणाली, "चांगलं झालंय?"

भामाकाकूंनी गिळलं. म्हणाल्या, "छान झालंय."

"बरं," हेमांगी म्हणाली, आणि पान जागेवर ठेवलं. उष्टं झालं होतं, देवळात न्यायचं आता काहीच उरलं नव्हतं. दुसरी घंटा झाली. मग वरच्या आळीतून वाजत गाजत पाध्यांचा नैवेद्य गेला, तो त्यांच्याच दारावरून गेला. आणि दोघी ऐकत बसल्या.

संपलं. नानू, ठेका नको. याला ठेका नाही.

तुम्ही म्हणाल, बाई, या गोष्टीला काही बरा शेवट नव्हता का? होता. ओट्याजवळ होता, दोन शब्दांचा. तुम्हीच सांगा, भामाकाकूंनी का उचलला नाही. तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

सुनांनो, तुम्हीही फार खूश होऊ नका. शेवटी त्या टोपासमोर गप्प उभी राहिली ती पोर जिंकली असं मी म्हणणार नाही. तिच्या आईनं साठ माणसांना कधी कच्चं घातलं नव्हतं. तिनं एकीला घातलं, जाणून. ते तिच्याकडून कुणी करवून घेतलं, हे तर आख्यानात आलंच.

आणि आम्ही मोठ्या, आम्ही पाटावर बसणाऱ्या, आम्ही सगळ्यांना शिकवणाऱ्या. आज घरी गेल्यावर पलंगावर बसून आठवून बघा. तुमच्या घरात तुम्हाला "नका, असं करू नका" असं शेवटचं कोण म्हणालं होतं, आणि कधी? आठवलं, तर त्या माणसाचे पाय धरा, लहान असला तरी धरा. आठवत नसेल, वर्षानुवर्षं कुणी अडवलंच नसेल, सगळे "तुम्ही म्हणाल तसं" म्हणत असतील, तर आपण फार शहाण्या आहोत असं समजू नका. तुमच्या माणसांनी तुमची आशा सोडली आहे. ती पान वाढतील, तेल लावतील, पायरीला हात देतील. पण खड्डा कुठं आहे ते सांगणार नाहीत.

आता उठा, आरती घेऊया. प्रसादाचा शिरा आज मी स्वतः केलाय, पहाटे उठून, कुणाला हात लावू दिला नाही. खाऊन बघा. गाठी राहिल्या असतील, रवा कच्चा असेल, गोड कमी असेल, तर इथं, माझ्या तोंडावर सांगा.

मी रागावेन. तरी सांगा.